गुलाबी कापड, निळा कागद

कुझ्मा पेत्रोव्ह-वोदकिन या रशियन चित्रकाराने १९१८ साली काढलेल्या एका चित्रात खाण्याच्या तीनच गोष्टी आहेत. एक खारवलेला हेरिंग मासा, राईच्या काळ्या पावाचा एक तुकडा आणि दोन बटाटे. ताट नाही, सुरी नाही, पेला नाही. मासा निळ्या कागदावर ठेवलेला आहे. पाव आणि बटाटे थेट टेबलावरच्या गुलाबी कापडावर. चित्राचे नाव ‘हेरिंग’. उंची सुमारे ५८ सेंटिमीटर, रुंदी सुमारे ८८. सेंट पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियममध्ये ते आहे.

आपल्याकडे अनेकांची स्थिरचित्राशी पहिली गाठ शाळेत पडते. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत समोर एखादे भांडे, दोन-तीन फळे आणि मागे चुण्या पडलेले कापड मांडलेले असते. आकार सुटले नाहीत आणि छायाप्रकाश बरोबर उतरला की गुण मिळतात. त्या सवयीने ‘हेरिंग’कडे पाहिले तर ते सोपे वाटते, थोडे बाळबोधही वाटेल. पण या चित्रात छायाप्रकाशाला दुय्यम काम दिले आहे. मुख्य काम रंगाचे आहे. स्थिरचित्रात रंगच अर्थ कसा वाहून नेतो, हे इतक्या थोड्या सामानात दाखवणारे दुसरे आधुनिक चित्र मला माहीत नाही. म्हणून या प्रकरणात आपण या एकाच चित्रापाशी थांबणार आहोत.

आधी त्या वर्षाबद्दल. पेट्रोग्राड, म्हणजे आजचे सेंट पीटर्सबर्ग, तेव्हा उपाशी होते. नोव्हेंबर १९१७मध्ये बोल्शेविकांनी सत्ता घेतली, मार्च १९१८मध्ये राजधानी मॉस्कोला हलली, आणि यादवी युद्ध पेटल्यावर दक्षिणेकडून आणि व्होल्गाकाठाहून येणारे धान्य आटले. पाव शिध्यावर गेला. शहरातली माणसे चार वर्गांत विभागली गेली. अंगमेहनतीचे काम करणाऱ्या कामगाराला सर्वांत जास्त शिधा, जुन्या मालदारांना सर्वांत कमी. अगदी वाईट दिवसांत माणशी मिळणारा पाव होता एका रशियन पौंडाचा आठवा हिस्सा, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम. याच शहराला दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याचा वेढा पडला, तेव्हाचा सर्वांत कमी शिधा १२५ ग्रॅम होता आणि तो आकडा जगभर ठाऊक आहे. १९१८ साली पोती पाठीवर टाकून खेड्यांत धान्य शोधायला जाता येत होते, चोरबाजारही होता. वेढ्यात खेड्यांकडे जाण्याचे दार बंद झाले. तरीही पहिल्या उपासमारीने शहर रिकामे केले. १९१७ साली वीस लाखांहून अधिक असलेली वस्ती १९२०पर्यंत सात लाखांच्या आसपास आली.

अशा शहरात हेरिंग महत्त्वाचा का, हे कोकणातल्या घरांना वेगळे सांगायला नको. पावसाळ्याच्या बेगमीला खारे बांगडे राखून ठेवतात, तसाच हाही मासा पिंपात मिठात भरला की महिनोन्‌महिने टिकतो. शिवाय खारवलेला हेरिंग न शिजवता खाता येतो. पेट्रोग्राडमध्ये अन्नाइतकीच सरपणाची टंचाई होती, तेव्हा चूल न पेटवता पोटात जाणारी वस्तू म्हणजे मोठाच आधार. थोडक्यात, चित्रकाराने शोभेसाठी वस्तू मांडून हे चित्र काढलेले नाही. समोर आहे तो शिधा. हे चित्र कॅनव्हासऐवजी ऑइलक्लॉथवर रंगवले आहे, म्हणजे टेबलावर घालतात त्या मेणकापडासारख्या कापडावर. चित्राच्या विषयातली टंचाई अशी त्याच्या पाठीलाही लागलेली आहे.

आता एवढी माहिती हाती आल्यावर मनात चित्राचा रंग कोणता उमटतो? राखाडी, मातकट, काळपट. भुकेची चित्रे अशीच असतात. ‘हेरिंग’ पाहताना पहिला धक्का बसतो तो इथे. ते उजळ आहे. गुलाबी रंगाने चित्राचा मोठा भाग भरून टाकला आहे, आणि त्या गुलाबीच्या मध्ये निळा कागद असा उघडला आहे की नजर दुसरीकडे जातच नाही.

मासा आणि पाव हा विषय तसा नवा नव्हता. सतराव्या शतकात हॉलंडमधल्या हार्लेम शहरात पीटर क्लास आणि विलेम हेडा हे चित्रकार न्याहारीची टेबले रंगवत. त्यांत हेरिंग, पाव, बिअरचा पेला हमखास असे. हेरिंगच्या मासेमारीने त्या देशाला श्रीमंत केले होते. त्या चित्रांत रंग जाणूनबुजून आवरून धरलेला असतो. तपकिरी, करडा, हिरवट अशा एकाच सुराच्या छटा. अर्थ येतो तो वस्तूंच्या निवडीतून आणि त्यांच्या अवस्थेतून. अर्धवट सोललेले लिंबू, आडवा पडलेला पेला, उघडे घड्याळ हे सगळे भोगाच्या क्षणभंगुरतेकडे बोट दाखवते. ही चिन्हे त्या काळच्या प्रेक्षकाला पाठ होती. पेत्रोव्ह-वोदकिनच्या टेबलावर अशी पाठ असलेली खूण एकही नाही. मग त्याच्या चित्रात अर्थ येतो कुठून? माझ्या मते रंगातून, आणि तो रंग येतो रशियन देवघरातून.

पेत्रोव्ह-वोदकिनचा जन्म १८७८चा, व्होल्गाकाठच्या ख्वालिन्स्क गावचा. वडील चांभारकाम करत. लहानपणीच त्याने आयकॉन रंगवणारे कारागीर पाहिले. आयकॉन म्हणजे ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या घरात आणि देवळात लाकडी फळीवर रंगवलेल्या पवित्र प्रतिमा. पुढे तो पीटर्सबर्ग आणि मॉस्कोच्या कलाशाळांत शिकला, म्युनिकमध्ये आंतोन आझ्बेच्या वर्गात बसला, पॅरिसला राहिला, उत्तर आफ्रिकेतही फिरून आला. पण पाश्चात्त्य आधुनिक कला आत्मसात केल्यावरही आयकॉनचा रंग त्याच्या हातातून गेला नाही. १९०२ साली त्याने दोन मित्रांसह सारातोव्हमध्ये एका चर्चच्या भिंती रंगवल्या होत्या. ती चित्रे तिथल्या लोकांना इतकी खटकली की प्रकरण न्यायालयात गेले आणि ती नष्ट करण्यात आली. श्रद्धेच्या जुन्या भाषेत नवे बोलण्याचा त्याचा तो पहिला प्रयत्न होता.

आयकॉनच्या रंगांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुशिक्षित रशियन माणसाला आयकॉन काळपट तपकिरी असतात असेच वाटे. त्यांवर चकाकीसाठी चढवलेला तेलाचा थर काही दशकांत काळा पडे, त्यात मेणबत्त्यांची काजळी मिसळे, आणि मग कोणीतरी त्याच काळोखावर पुन्हा रंगकाम करी. आंद्रेई रुब्लेव्हची पंधराव्या शतकातली ‘त्रिमूर्ती’ १९०४ साली प्रथम साफ करायला घेतली, तेव्हा खालून असा निळा रंग वर आला की पाहणारे थक्क झाले. १९१३ साली मॉस्कोत साफ केलेल्या जुन्या आयकॉनचे मोठे प्रदर्शन भरले. हिंगुळी लाल, झगझगीत निळा, सोनेरी पिवळा, पांढराशुभ्र. पाचशे वर्षांपूर्वीची ही चित्रे त्या वेळच्या पॅरिसमधल्या चित्रांइतकी ताजी दिसत होती. फ्रेंच चित्रकार आंरी मातीस १९११ साली मॉस्कोत आला होता आणि आयकॉन पाहून भारावून गेला होता.

मातीसचे ‘गोल्डफिश’ हे चित्रही इथे आठवते. १९१२ साली काढलेले हे चित्र मॉस्कोतला संग्राहक सेर्गेई श्चुकिन याच्या संग्रहात गेले. काचेच्या भांड्यात पोहणारे लालकेशरी मासे, भोवती हिरवी पाने. त्यात रंग म्हणजे निवांतपणा, बसून पाहत राहण्याचे सुख. त्यानंतर सहाच वर्षांनी पेत्रोव्ह-वोदकिनने रंगवलेला मासा पोहत नाही. तो खायचा आहे. रंगावरचा विश्वास मात्र दोघांचा सारखाच आहे.

पेत्रोव्ह-वोदकिनचा स्वतःचा रंगविचार लाल, निळा आणि पिवळा या तीन मूळ रंगांवर उभा होता. चित्र या तीन खांबांवर तोलले पाहिजे, बाकीच्या छटा त्यांच्या आश्रयाने येतात, असे तो विद्यार्थ्यांना शिकवी. ‘हेरिंग’मध्ये लालाच्या जागी गुलाबी कापड आहे, निळ्याच्या जागी कागद. पिवळा कुठेच उघड दिसत नाही. तो बटाट्यांच्या सालीत, पावाच्या कडेला आणि माशाच्या अंगावरच्या सोनेरी झाकेत वाटला गेला आहे. म्हणजे तीन रंगांपैकी दोन रंग वस्तूंखालच्या पृष्ठभागांना मिळाले आणि तिसरा अन्नाला.

या वाटणीत एक शास्त्रीय खुबी आहे. एकोणिसाव्या शतकात मिशेल शेव्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोब्लँ या गालिचे विणणाऱ्या सरकारी कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. काळ्या धाग्यांचा रंग फिका दिसतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. तपासल्यावर कळले की रंगात दोष नाही, शेजार बदलला की दिसणे बदलते. शेजारच्या रंगाची विरुद्ध छटा आपला डोळा स्वतःहून मिसळतो. निळ्याशेजारी ठेवलेला करडा किंचित नारिंगी-पिवळ्याकडे झुकतो. लालसर पृष्ठभागावर ठेवलेला पिवळट रंग हिरवटपणाकडे सरकतो. शेव्रलचे यावरचे पुस्तक १८३९ साली निघाले आणि पुढच्या चित्रकारांच्या पिढ्यांनी ते कामाला लावले.

आता हेरिंगकडे पाहा. या माशाचा रंग मुळात चंदेरी करडा. पांढऱ्या ताटात तो मलूल दिसला असता. निळ्या कागदावर त्याच करड्याला ऊब येते, खवल्यांवर सोने चढल्यासारखे वाटते. त्यातले बरेचसे सोने आपल्या डोळ्यात तयार झालेले आहे. बटाट्यांचे उलट आहे. गुलाबी कापडावर त्यांची पिवळट साल जराशी हिरवट, कच्ची, जमिनीतून नुकतीच काढल्यासारखी दिसते. पाव सर्वांत गडद, म्हणून सर्वांत जड. काहीही न सांगता रंगांनी या तीन वस्तूंची प्रतवारी लावली आहे: बटाटे मातीचे, पाव वजनाचा, मासा मौल्यवान. आयकॉनमध्ये संताच्या मस्तकामागे सोन्याचा वर्ख लावून जो मान दिला जातो, तो मान इथे शिध्यातल्या माशाला निळ्या कागदाच्या मदतीने मिळतो. या चित्राचे मोठेपण मला यातच दिसते.

कापड गुलाबी का, लाल का नाही, हा प्रश्नही विचारायला हवा. १९१८चे पेट्रोग्राड लाल रंगाने भरलेले होते: झेंडे, फलक, कमानी. क्रांतीच्या पहिल्या वाढदिवसासाठी शहर सजवण्यात पेत्रोव्ह-वोदकिनचाही हात होता. थिएटर स्क्वेअरसाठी त्याने रशियन लोककथा आणि इतिहासातल्या वीरांची प्रचंड चित्रे केली होती. लाल रंग चौकात काय करतो हे त्याला पुरते माहीत होते. त्याआधी, १९१२ साली, त्याच्या ‘लाल घोड्याचे स्नान’ या चित्राने खळबळ उडवली होती. प्रदर्शनात ते प्रवेशद्वारावर झेंड्यासारखे टांगले होते, आणि पुढे क्रांती झाल्यावर अनेकांना त्या घोड्यात भविष्याची चाहूल दिसली. अशा चित्रकाराने घरातल्या टेबलावर लाल न घालता त्यात पांढरा मिसळून गुलाबी करावा, हे मला अपघाताने घडलेले वाटत नाही. चौकातला लाल घरात आला की मवाळ होतो. त्यातली घोषणा जाते आणि अंगाची ऊब राहते. गुलाबी हा त्वचेचा, लहान मुलांच्या गालांचा, सकाळच्या उजेडाचा रंग. थंडीत कुडकुडणाऱ्या शहरातले हे टेबल ऊबदार दिसते ते त्यामुळे.

निळ्या आणि लालाच्या जोडीला आयकॉनच्या परंपरेत खास अर्थ आहे. बायझंटाइन रीतीत ख्रिस्ताचा आतला अंगरखा बहुधा लालसर आणि वरचे वस्त्र निळे असते, आणि देवत्व व मानवपण एकाच देहात असल्याची ती खूण मानली जाते. म्हणून ‘हेरिंग’मध्ये मासा ठेवलेला कागद हा वेदीवरच्या वस्त्राच्या जागी आला आहे, असे कोणी म्हटले तर त्याला आधार नाही असे म्हणता येणार नाही. मासा हे ख्रिश्चनांचे फार जुने चिन्ह आहे. रोमच्या कॅलिक्स्टस भुयारांतल्या भिंतींवर मासा आणि पावाची टोपली एकत्र रंगवलेली आहे. पाच पाव आणि दोन माशांवर हजारोंचा समुदाय जेवला, ही बायबलमधली कथा तर भुकेल्या शहरात कोणालाही आठवली असती.

इथे मात्र मी वाचकाला थोडे सावध करीन. कोशात शब्द पाहावा तसे ‘मासा म्हणजे ख्रिस्त, लाल म्हणजे क्रांती, निळा म्हणजे आकाश’ असे लिहून घेतले की चित्र संपते. पेत्रोव्ह-वोदकिनने यातली कुठलीच खूण पक्की केलेली नाही. मासा एकच आहे, दोन नाहीत. पाव तोडलेला तुकडा आहे. बटाटे तर कुठल्याच धर्मग्रंथात बसत नाहीत, आणि ते आहेत म्हणूनच चित्र जमिनीवर राहते. भुकेल्या माणसाला समोर जेवण दिसते, आणि जेवण दिसता दिसता त्याला ते पवित्र वाटू लागते. या चित्रातला पवित्रपणा भुकेतून वर आलेला आहे, वरून लादलेला नाही. हॉलंडच्या टेबलावर वस्तू म्हणतात, हे सगळे जाणार आहे. पेट्रोग्राडच्या टेबलावर नेमके उलटे म्हटले आहे: हे आहे, आज आहे.

चित्राची मांडणीही याच म्हणण्याला बळ देते. टेबल आपण जरा वरून पाहतो, पृष्ठभाग आपल्याकडे कललेला आहे. वस्तू एकमेकींना झाकत नाहीत. प्रत्येकीभोवती मोकळी जागा आहे, तिची स्वतःची सावली आहे. दुकानात माल मांडताना आपण असे करत नाही. मोजून दिलेली गोष्ट मात्र अशीच सुटी ठेवतो. आयकॉनमध्येही महत्त्वाची आकृती दुसरीमागे लपत नाही. या कललेल्या दृष्टीला पेत्रोव्ह-वोदकिनने गोलीय परिप्रेक्ष्य म्हटले. उंच टेकडीवर पडून खाली पाहताना पृथ्वी गोल आहे हे अंगाला जाणवावे, तसे प्रत्येक चित्रात पाहणाऱ्याला आपण एका ग्रहावर उभे आहोत हे जाणवले पाहिजे, अशी त्याची धडपड होती. व्होल्गाकाठच्या टेकडीवरचा असा अनुभव त्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. दोन बटाट्यांच्या चित्रात ग्रह कशाला, असे वाटेल. पण टेबलाचा तिरका पृष्ठभाग, त्याची कापली गेलेली कड आणि मोकळ्या सुट्या वस्तू पाहिल्या की त्या टेबलाला भूमीचे गांभीर्य येते.

१९१८ हे वर्ष त्याच्यासाठी स्थिरचित्रांचे वर्ष होते. ‘सकाळचे स्थिरचित्र’ त्याच साली काढलेले आहे. त्यात चहाचा ग्लास, अंडी, रानफुले आणि भोवतीच्या वस्तू अंगावर झळकवणारी धातूची किटली आहे. खिडकीशी ठेवलेले व्हायोलिनही त्याच वर्षीचे. उपासमारीच्या वर्षात माणूस वस्तूंकडे इतक्या निकराने पाहतो, हे समजण्यासारखे आहे. जे सहज मिळत होते ते मिळेनासे झाले की त्याचा आकार, वजन, रंग सगळे नव्याने कळते.

पुढे क्षयाने त्याचा पाठलाग केला. १९२०च्या दशकाच्या अखेरीस डॉक्टरांनी तेलरंगांना मनाई केली, तेव्हा त्याने आत्मचरित्राचे दोन खंड लिहिले. १९३९ साली लेनिनग्राडमध्ये, म्हणजे याच शहरात, त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर सोव्हिएत कलाव्यवहारात त्याचे नाव बरीच वर्षे मागे पडले. १९६०च्या दशकात प्रदर्शने झाली तेव्हा नव्या पिढीने त्याला पुन्हा पाहिले. ‘लाल घोड्याचे स्नान’ तर १९१४ साली स्वीडनमधल्या एका प्रदर्शनाला गेले आणि दोन महायुद्धांमुळे १९५०पर्यंत तिकडेच अडकून पडले.

वाचकाला दोन सूचना. ‘हेरिंग’ छापील पुस्तकात किंवा पडद्यावर पाहताना गुलाबी रंग फसवतो. कुठे तो विटकरी होतो, कुठे जांभळट. शक्य असेल तर दोन-तीन वेगवेगळ्या प्रती समोर ठेवा आणि निळा कागद ज्या प्रतीत सर्वांत थंड दिसतो ती विश्वासाची माना, कारण सारा तोल त्या कागदावर आहे. आणि हे पाहून झाले की त्याचे ‘१९१८, पेट्रोग्राड’ हे १९२० सालचे चित्र जरूर पाहा. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीतल्या या चित्रात तान्हे मूल उराशी धरलेली एक तरुण कामगार स्त्री सज्जात उभी आहे आणि तिच्या मागे खालच्या रस्त्यावर लोक पावासाठी थांबले आहेत. रशियात त्या चित्राला लोक पेट्रोग्राडची मादोना म्हणतात.